जपानी कार्यक्षमता : स्वभाव की सौदा?

माझा भाचा इचलकरंजीत कापडाचा घाऊक व्यापार करतो. गेल्या वर्षी व्यापाऱ्यांच्या एका गटाबरोबर तो दहा दिवस जपानला जाऊन आला आणि परतल्यावर महिनाभर त्याच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. मग त्याने गोदामाची जमीन पिवळ्या पट्ट्यांनी आखून घेतली, प्रत्येक ताग्याला जागा नेमून दिली, ‘फाइव्ह-एस’चा फलक टांगला आणि दाराशी एक सूचनापेटी ठेवली. पहिल्या पंधरवड्यात पेटीत अकरा चिठ्ठ्या पडल्या. त्यांतील दोन सूचना इतक्या चोख होत्या की मालाची चढ-उतार जवळजवळ निम्म्या वेळात होऊ लागली. काम हलके झाले, तसे दोन माणसे जास्तीची आहेत हे भाच्याच्या ध्यानात आले आणि त्याने त्यांचा हिशेब चुकता केला. त्यानंतर कित्येक महिने पेटीत एकही चिठ्ठी पडली नाही.

“मामा, हे आपल्या लोकांच्या रक्तातच नाही,” तो मला म्हणाला. “तिकडचे संस्कारच वेगळे.”

बँकेत पस्तीस वर्षे कर्जदारांचे ताळेबंद वाचण्यात गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणी आपल्या नफ्याचे श्रेय ‘स्वभावा’ला देऊ लागला की मी त्याच्या मागच्या वर्षांच्या वह्या मागतो. जपानच्याही जुन्या वह्या उघडून पाहाव्यात असे वाटले, म्हणून या वेळी सदराचा विषय हा.

पहिलेच पान आश्चर्याचे आहे. 1857 साली नागासाकी येथे जपानी तरुणांना नौकाशास्त्र शिकविण्यासाठी आलेला डच नौदल अधिकारी कॅटेंडाइक हा जपान्यांच्या संथपणाला अगदी कंटाळून गेला होता. मागविलेले सामान वेळेवर येत नाही, येतो म्हणून सांगितलेला माणूस येत नाही, अशा त्याच्या तक्रारी होत्या. पुढे गिरण्या व कारखाने निघाल्यावरही जपान पाहून जाणाऱ्या पाश्चात्त्यांचे मत फारसे निराळे नव्हते. जपानी कामगार हा गोड स्वभावाचा, पण वेळेची किंमत नसलेला माणूस आहे, असेच त्यांना वाटे. या तक्रारीत तथ्य नव्हते असे जपान्यांनीही म्हटले नाही. उलट 1920 मध्ये ‘जीवनसुधारणा संघ’ नावाची एक संस्था तेथे स्थापन झाली आणि तिच्या पुढाकाराने त्याच वर्षी 10 जून हा ‘वेळेचा दिवस’ म्हणून पाळण्यास आरंभ झाला. टोकियोत घड्याळांचे आणि वेळेच्या उपयोगाचे प्रदर्शन भरले, नागरिकांनी वक्तशीर व्हावे म्हणून प्रचार झाला. ज्या समाजाला वेळ पाळण्यासाठी एक दिवस नेमून घ्यावा लागतो, त्याच्या रक्तात वक्तशीरपणा होता असे कसे म्हणावे? या संघाच्या जपानी नावात ‘काइझेन’ हाच शब्द आहे. आज आपल्याकडील व्यवस्थापनाच्या कार्यशाळांतून जो हमखास ऐकू येतो, तोच.

कार्यक्षमतेचे शास्त्र तर सरळसरळ आयात मालच होते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक 1911 साली निघाले आणि दोनच वर्षांत त्याचा जपानी अनुवाद प्रसिद्ध झाला. तो कोणी केला हे वाचून मला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमान वाटला. अनुवादक होशिनो युकिनोरी हे प्राध्यापक नव्हते की अभियंता नव्हते. ओसाकाच्या काजिमा बँकेचे ते संचालक होते. (माझ्या नोकरीच्या काळात आम्ही अनुवाद केला तो फक्त वरिष्ठ कार्यालयाच्या परिपत्रकांचा, तोही राजभाषा पंधरवड्यात.) त्याच सुमारास इकेदा तोशिरो यांनी ‘निरर्थक कष्ट टाळण्याची गुरुकिल्ली’ अशा अर्थाच्या नावाची एक पुस्तिका लिहिली. तिच्या लाखो प्रती खपल्या. मालकांनी गठ्ठ्याने घेऊन त्या कामगारांत वाटल्या. ‘नोरित्सु’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी झाला. त्यातील पहिल्या चित्राक्षराचा अर्थ क्षमता, दुसऱ्याचा प्रमाण.

पुस्तिका मालकाने विकत घ्यावी आणि कामगाराने वाचावी, या व्यवहारात पुढील सगळ्या कहाणीचे बीज आहे. फुकट मिळालेल्या उपदेशाकडे कामगार संशयानेच पाहतो.

हा संशय ज्या मोजक्या लोकांनी ओळखला, त्यांत उएनो योइची या मानसशास्त्रज्ञाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. 1920 च्या सुमारास दंतमंजन करणाऱ्या लायन कंपनीच्या कारखान्यात पुड्या भरण्याच्या कामाची पाहणी त्यांच्याकडे आली. त्यांनी मेजांची मांडणी बदलली, हातांच्या हालचालींचा अभ्यास केला, कामाचे टप्पे नव्याने वाटून दिले. उत्पादन वाढले, जागा कमी लागू लागली. परंतु मला महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट. कामाचा दिवसही लहान झाला. वाचलेल्या वेळेतील काही वाटा तो वाचविणाऱ्या हातांकडे परत गेला. पुढे उएनो यांनी ‘नोरित्सु’ला ज्युदोप्रमाणे ‘दो’ म्हणजे मार्ग हा प्रत्यय जोडून तिला जवळजवळ साधनेचे रूप दिले. परदेशी मालावर स्वदेशी शिक्का मारण्याची ही हातोटी व्यापारी मनाला चटकन कळेल. मालाचा कस मात्र शिक्क्याने ठरत नाही.

मालकवर्गाची त्या काळची भूमिका याहून सोपी होती. कारखाना कायदा 1911 मध्ये संमत झाला खरा, पण कारखानदारांच्या विरोधामुळे तो अमलात यायला 1916 साल उजाडले. त्यांचा युक्तिवाद असा की, जपानमध्ये मालक आणि कामगार यांचे नाते बाप-लेकरांचे आहे. कायदा मध्ये आला तर हा जिव्हाळा आटेल. घराण्याच्या पेढ्यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही भाषा ओळखीची वाटावी. त्याच काळात सूतगिरण्यांतील शेतकऱ्यांच्या मुली वसतिगृहांच्या बंद दारांआड राहत होत्या, रात्रपाळ्या करीत होत्या, आणि मुदत भरण्यापूर्वीच त्यांतील कितीतरी पळून जात होत्या.

या जिव्हाळ्याच्या विचाराचा सर्वांत प्रामाणिक प्रतिनिधी म्हणजे कानेगाफुची सूतगिरण्यांचे, म्हणजेच ‘कानेबो’चे, मुतो सांजी. 1894 मध्ये ते कोबे येथील ह्योगो गिरणीचे व्यवस्थापक झाले. मोत्यांच्या व्यापारानिमित्त कोबेला गेलेल्या आपल्या मंडळींना कितानोच्या चढावरील 1985 सालचे जैन मंदिर ठाऊक असेल. त्याच शहराच्या बंदराकाठचा हा ह्योगो भाग. त्याच्याशी आपले नाते मोत्यांहूनही जुने आहे. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे जपानी आगबोटी सुरू झाल्या, त्या मुख्यतः हिंदुस्थानातील कापूस अशा गिरण्यांकडे नेण्यासाठीच.

मुतो यांनी 1903 साली गिरणीत सूचनापेटी ठेवली. कल्पना अमेरिकेतील रोख-नोंदणी यंत्रे करणाऱ्या एका कंपनीकडून उचललेली होती. त्याच वर्षी त्यांनी गिरणीचे स्वतःचे वृत्तपत्र काढले. दोन वर्षांनी जर्मनीच्या क्रुप कारखान्याच्या धर्तीवर आजारपण व म्हातारपणासाठी परस्पर साहाय्य निधी उभारला. वसतिगृहे सुधारली, दवाखाने निघाले. मुलींचे पळून जाणे कमी झाले आणि सुताची प्रतही सुधारली. 1910 च्या दशकात शास्त्रीय पद्धतीने कामाची तपासणी सुरू करताना त्यांना फारसा विरोध झाला नाही, तो याच पुंजीमुळे. ‘कुटुंब’ म्हणविणारी गिरणी म्हणून कानेबोचे नाव देशभर झाले.

आणि मग 1930 उजाडले. जागतिक मंदी आली. मुतो वर्षारंभीच पायउतार झाले होते, आणि एप्रिलमध्ये कंपनीने कामगारांचा विशेष भत्ता काढून घेण्याचे जाहीर केले. मिळकतीत मोठा खड्डा पडणार होता. ज्या मुलींना तीस वर्षे ‘लेकी’ म्हटले गेले, त्यांनीच एकामागून एका गिरणीत काम बंद केले. भागधारकांच्या लाभांशाला कात्री फारशी लागलेली नसताना आमच्याच ताटातले का काढता, हा त्यांचा सवाल होता. ‘कुटुंबा’च्या खतावणीत शेवटी कोणते खाते आधी बंद होते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कामगार संघटना कायदेशीर झाल्या आणि कार्यक्षमतेचा प्रश्न उघड्यावर आला. त्या वर्षांत ‘गोरिका’, म्हणजे सुसूत्रीकरण, हा शब्द कामगाराच्या कानी पडला की त्याला एकच अर्थ कळे: कोणाची तरी नोकरी जाणार. तो अर्थ चुकीचा नव्हता. या काळातील टोयोटाची हकीकत मला विशेष जवळची वाटते, कारण तीत खलनायकाची भूमिका आमच्या व्यवसायबंधूंकडे आहे.

टोयोटाचे मूळ मागात आहे, हे इचलकरंजीच्या वाचकांना आवडेल. तोयोदा साकिची यांनी 1924 मध्ये पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्यामुळे एका मुलीला तीसएक मागांवर लक्ष ठेवता येई. या मागाचे हक्क 1929 साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. मागांचा हा धंदा करणाऱ्या घराण्यात साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मोटारींचा कारखाना काढला. घराण्याच्या कापडगिरणीत काम शिकलेले ओनो ताइइची 1943 मध्ये मोटारींकडे आले आणि युद्धानंतर यंत्रशाळेत त्यांनी तोच हिशेब लावला: एका माणसाने एकच यंत्र का चालवावे? दोन का नाही, तीन का नाही? कामगार चिडले. लेथवर काम करणारा माणूस स्वतःला लेथचा कारागीर समजे. त्याच्या हातात ड्रिलचे यंत्र देणे त्याला अपमान वाटे. ओनो यांना झालेला विरोध आळसाचा नव्हता, तर कसबाच्या अभिमानाचा होता. आपण ज्याला ‘जुनी खोड’ म्हणून हसतो, त्यात पुष्कळदा हा अभिमान असतो.

1949 च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीच्या दाराशी पोहोचली. मध्यवर्ती बँकेच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन बँकांचा संघ जमविला आणि कर्ज दिले, पण अटींसह. विक्रीची कंपनी वेगळी काढा, विकली जातील तेवढीच वाहने बनवा, माणसे कमी करा. किइचिरो यांनी कामगारांना कपात करणार नाही असा शब्द दिलेला होता. 1950 च्या वसंतात संप झाला. जूनमध्ये दीड हजारांहून अधिक लोकांनी नोकरी सोडली आणि शब्द मोडावा लागला म्हणून किइचिरो यांनीही अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्याच्या 25 तारखेला कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याच्या मालमोटारींच्या मागण्या येऊ लागल्या. काही आठवड्यांचा फरक! कर्जमंजुरीच्या त्या खुर्चीत मी असतो तर मीही तीच अट घातली असती, याची मला पूर्ण खात्री आहे आणि त्यामुळेच ही हकीकत मला बेचैन करते.

पुढचे मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. 1951 मध्ये टोयोटाने कामगारांच्या कल्पक सूचनांची योजना सुरू केली. 1962 मध्ये कंपनी व संघटना यांनी परस्परविश्वासाची संयुक्त घोषणा केली. कायम कामगारांना अशा घाऊक रीतीने घालविण्याचा प्रसंग कंपनीने पुन्हा येऊ दिला नाही. लाखो सूचना आल्या त्या यानंतर. संस्कार 1949 सालीही तेच होते. तेव्हा सूचना येत नव्हत्या, संप होत होता.

हाच करार देशपातळीवर 1955 मध्ये शब्दांत मांडला गेला. त्या वर्षी जपान उत्पादकता केंद्र स्थापन झाले आणि त्याने तीन तत्त्वे जाहीर केली. उत्पादकता वाढल्याने अखेर रोजगार वाढला पाहिजे, आणि मधल्या काळात जी माणसे जास्तीची ठरतील त्यांना बदली वगैरे उपायांनी सांभाळून घ्यावे. पद्धती कशा बदलायच्या ते मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवावे. जे फळ मिळेल ते मालक, कामगार आणि ग्राहक यांच्यात न्याय्य रीतीने वाटावे. मवाळ संघटना या अटींवर केंद्रात आल्या. सर्वांत मोठा कामगार महासंघ ‘सोहयो’ आला नाही. त्याचा या शब्दांवर विश्वास नव्हता. आणि पाचच वर्षांत मीइकेच्या कोळसा खाणीत बाराशे माणसांना नावानिशी काढून टाकण्यावरून जो दीर्घ संप झाला, तो पाहता त्यांचा अविश्वास अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही.

करार नसला म्हणजे काय होते याचा नमुना जपानच्या सरकारी रेल्वेने दाखविला. ज्या गाड्यांच्या वक्तशीरपणाने माझा भाचा भारावला, त्यांच्याच कचेऱ्यांत 1970 च्या सुमारास ‘उत्पादकता मोहीम’ सुरू झाली. प्रशिक्षणाच्या नावाखाली वरिष्ठ अधिकारी कर्मचाऱ्यांवर संघटना सोडण्यासाठी दबाव आणू लागले. 1971 मध्ये हे गैरकृत्य असल्याचा निर्णय झाला, रेल्वेच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली आणि मोहीम गुंडाळण्यात आली. देश तोच, शब्द तेच, गाड्याही त्याच.

जपानची स्तुती करताना याच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. करार होता तो कायम नोकरीतील पुरुषांशी. हंगामी कामगार आणि स्त्रिया बहुतांशी त्याच्या बाहेरच राहिल्या. सुधारणेची सभा कामाच्या वेळेनंतर, ‘स्वेच्छेने’ भरत असे. त्या वेळेचे मोल कोण देणार हा प्रश्न कित्येक वर्षे कोणी विचारला नाही. टोयोटाच्या एका तरुण कर्मचाऱ्याच्या अतिश्रमाने झालेल्या मृत्यूच्या दाव्यात 2007 मध्ये नागोया जिल्हा न्यायालयाने गुणवत्ता मंडळाचा वेळ हाही कामाचाच वेळ असल्याचे मानले. त्यानंतर कंपनीने त्या वेळेचा पूर्ण मोबदला देण्याचे ठरविले. हा दावा त्या तरुणाच्या पत्नीने चालविला होता.

आणि कचेरीतली गंमत तर निराळीच. कारखान्यात सेकंद मोजणारा हाच देश कचेरीत मात्र लाल शाईच्या ‘हांको’ शिक्क्यांत अडकून पडला. एका प्रस्तावावर खालपासून वरपर्यंत सर्वांचे शिक्के उमटल्याशिवाय कागद हलत नसे. 2020 च्या साथीत केवळ शिक्का मारण्यासाठी माणसे रेल्वेने कार्यालयात जात होती. तेव्हा कुठे सरकारने बहुतेक कामकाजातून शिक्का हद्दपार करण्याचे मनावर घेतले. दर तासाच्या उत्पादकतेत जपान सात प्रमुख औद्योगिक देशांत वर्षानुवर्षे तळाशी आहे, हा हिशेब त्याच उत्पादकता केंद्राचा. यावर हसण्याचा मला अधिकार नाही. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा आम्ही दीड वर्ष लेजरही लिहीत होतो आणि संगणकावरही नोंदी करीत होतो. काम दुप्पट झाले, आणि तरी लेजर बंद करा असे म्हणायला कोणी धजत नव्हते. माझ्या शेजारचे लेजर-कीपर रोज संध्याकाळी दोन्ही शिलका जुळवून पाहत आणि जुळल्या की उदास होत. त्यांची भीती मी तेव्हा समजून घेतली नाही.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. व्यापारी माणूस, मुद्द्यावर आला. “मग मामा, मी काय करायला हवे होते? काम नसलेली माणसे पोसायची?”

मी म्हटले, “ते तू ठरव. मला फक्त एक सांग. त्या दोघांचा पगार वाचला, तो कोणत्या खात्याला जमा झाला? आणि त्या दोन सूचना कोणाच्या होत्या?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही. दुसऱ्यासाठी त्याने दिवाणजींना बोलावून चिठ्ठ्या काढायला लावल्या. त्यांतील एक चिठ्ठी काढून टाकलेल्या दोघांपैकीच एकाची निघाली.

दिवाळीपूर्वी त्याने दोघांनाही निरोप पाठविला. एकजण परत आला. त्याला आता माल पाठविण्याचे वेगळे काम दिले आहे आणि पगारात थोडी वाढही. ज्याची चिठ्ठी होती तो मात्र आला नाही. तो समोरच्या पेढीवर रुजू झाला आहे, आणि तिथेही गोदामात पिवळे पट्टे आखले गेल्याचे भाचा सांगत होता.